भांड्यांच्या दुकानापाशी

गेल्या दसऱ्याला संध्याकाळी मी गिरगावात आत्याकडे सोनं द्यायला गेले. चाळीचा तिसरा मजला, दारावर झेंडूचं तोरण, आत आटलेल्या दुधाचा आणि उदबत्तीचा एकमेकांत मिसळलेला वास. आपट्याची पानं तिच्या हातात ठेवून मी नमस्काराला वाकले. एरवी नमस्कार म्हणजे काय, बोटांची टोकं पावलाला लागली न लागली की आपण सरळ उभे. त्या दिवशी खाली वाकताना माझ्या गुडघ्यात कळ आली, तोल गेला आणि सावरायला मी तिचं पाऊल चक्क धरलं. घोट्याच्या जरा पुढे माझा अंगठा रुतला. मळून ठेवलेल्या कणकेत रुतावा तसा रुतला. हात काढला तर तिथे खळगा. "सुखी राहा गं बाय" म्हणून झालं, "बस की, उभी काय" म्हणून झालं, तरी तो खळगा तसाच होता, माझ्या अंगठ्याच्या मापाचा. माझी नजर तिथे गेलेली आत्याला दिसली असावी. तिने निऱ्या जराशा खाली ओढल्या आणि म्हणाली, "सकाळपासून उभी आहे ना ओट्यापाशी, म्हणून." मी "हो ना" म्हटलं. मग बासुंदी खाल्ली, दुसरी वाटीही घेतली, आणि नऊच्या सुमाराला चर्नी रोडला गाडी पकडली.

मी काहीच बोलले नाही.

गाडीत बसल्यावर अंगठा चाळवत राहिला, जणू काही चिकटलंय त्याला. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. जिना चढताना ती हल्ली दुसऱ्या मजल्यावर थांबते आणि तिथल्या वहिनींशी बोलत उभी राहते. रात्री पलंगावर न झोपता गॅलरीच्या दारातल्या आरामखुर्चीत झोपते. "आत उकडतं गं." गणपतीत मी नेलेल्या नव्या चपला तिने "रंग नाही आवडला" म्हणून परत दिल्या होत्या आणि काकांच्या रबरी सपाता घालून ती खाली वाण्याकडे जात होती. यातलं प्रत्येक मी पाहिलं होतं, आणि प्रत्येकाला तिने दिलेलं कारण मला पटलंही होतं. आपल्या घरांत पायांसाठी कारणं तयारच असतात. उभं राहून सुजले, वयामुळे दुखतात, पावसाळ्यात धरतात, गाडीत लटकून आले. म्युनिसिपालिटीच्या शाळेत पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या बाईचे पाय सुजणार नाहीत तर काय, असं तिलाही वाटत होतं आणि मलाही. वर्षातून चार वेळा आपण ज्या पायांवर डोकं ठेवतो ते पाय आपण बघत नाही, डोळे मिटलेले असतात.

तिसऱ्या दिवशी मी ठाण्याला आत्येभावाला फोन केला. तो म्हणाला, बीपीच्या गोळीने असेल, त्याच्या सासूला तसंच झालं होतं. त्याचं चूक नव्हतं. अ‍ॅम्लोडिपिन नावाची जी गोळी निम्मी मुंबई घेते तिने घोटे सुजतात, आणि आत्या तीच घेत होती. पण गोळीने सुजलेल्या माणसाला बसून झोपावं लागत नाही, हे तेव्हा आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. आत्याला विचारलं तर तिचं एकच, "दिवाळी होऊ दे." आणि आम्ही होऊ दिली. भाऊबीजेला मी गेले तेव्हा चकलीचा डबा फडताळातून काढून टेबलावर ठेवेपर्यंत तिला धाप लागली. बाबांच्या फोटोला, म्हणजे तिच्या भावाला, ओवाळताना निरांजनाचं ताट एका हातात पेलवेना, काकांनी खालून आधार दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

हृदयाचे डॉक्टर म्हटल्यावर ते आधी छातीला नळी लावतील असं आत्याला वाटलं असणार, कारण तिने पदर नीट केला. त्यांनी तिला चपला काढायला सांगितल्या. मग खुर्ची पुढे ओढून ते तिच्या पायांशी वाकले आणि नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरला. पाचेक सेकंद. खळगा पडला. त्याच्या वर चार बोटांवर पुन्हा दाबलं, पुन्हा खळगा. गुडघ्याच्या खालीपर्यंत ते असे चढत गेले, पाण्याची पातळी मोजावी तसे. दाबता दाबता प्रश्न. उशा किती घेता? रात्री लघवीला किती वेळा उठता? झोपेतून दम लागून जाग येते का? सूज सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते का? आत्या प्रत्येक प्रश्नाला आधी काकांकडे बघत होती आणि मग खरं उत्तर देत होती. पायाच्या दुसऱ्या बोटाभोवती एक पांढरट वळं उमटलेलं होतं. डॉक्टरांनी ते बघितलं. "इथे काय होतं?"

"जोडवी."

"कधी काढलीत?"

"श्रावणात. रुतायला लागली होती. साबण लावून काढली." मग हळूच, "देव्हाऱ्यात ठेवलीयत, हळदकुंकवाच्या डबीत."

काका शेजारच्या खुर्चीत बसले होते. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना हे आत्ता कळत होतं. ते काही बोलले नाहीत, जमिनीकडे बघत राहिले. मला त्या क्षणी त्यांचं वाईट वाटलं आणि रागही आला, आणि दोन्ही खरं तर माझ्यासाठीच होतं. जोडवी नसलेले पाय मी दसऱ्याला हातात धरले होते.

पुढचं मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. आत्याला पंधरा वर्षांची साखर, म्हणून डॉक्टर पायांतला रक्तपुरवठाही बघत होते. पावलाच्या वरच्या बाजूला एक नाडी असते आणि आतल्या घोट्याच्या मागे एक. सुजेमुळे ती बोटांना लागेना, तेव्हा त्यांनी पेनासारखं एक छोटं यंत्र काढलं, जेल लावलं आणि ते टेकवलं. खोलीत आवाज घुमला, शूऽप, शूऽप, शूऽप, लांबच्या स्टेशनात गाडी शिरतेय असा. मग दंडाला पट्टा, घोट्याला पट्टा, दोन्हीकडचा दाब. घोट्याचा दाब दंडाच्या बरोबरीचा किंवा थोडा जास्त असायला हवा. भागाकार ०.९ च्या खाली आला की पायांच्या धमन्या अरुंद झाल्या असं धरतात. आत्याचा १.०४ आला. पट्टा सोडता सोडता त्यांनी सहज विचारलं, "चालताना पोटरीत गोळा आल्यासारखं होतं का? थांबलं की दोन-चार मिनिटांत जातं, परत तेवढंच चाललं की परत येतं, असं?"

आत्या म्हणाली, "मला नाही. माझ्या भावाला व्हायचं."

मी तिच्याकडे बघितलं. ती पुढे बोलत होती, डॉक्टरांशीच. "दादर स्टेशनवरून घरी जाताना थांबायला लागायचं त्याला. दुकानांपाशी थांबायचा. मला म्हणाला होता, पोरीला वाटतं मी भांडी बघतो. वाटू दे."

नव्वदच्या दशकात मी चर्चगेटला कॉलेजात होते आणि बाबा फोर्टात नोकरीला. संध्याकाळी बहुतेक वेळा आम्ही एकाच गाडीने दादरला उतरायचो, ते जनरलमधून, मी बायकांच्या डब्यातून, आणि पुलाच्या पायऱ्यांपाशी भेटायचो. मग फुलबाजाराचा ओला वास, केशवसुत पुलाखालची गर्दी आणि रानडे रोड. घर शिवाजी पार्कच्या बाजूला, माझ्या पायांनी पंधरा मिनिटं. बाबा मात्र भांड्यांच्या दुकानापाशी थांबायचे. काचेत स्टीलचे डबे उतरत्या क्रमाने रचलेले असायचे, पितळी समया, कुकर. हात मागे बांधून ते बघत राहायचे. घरात भांडी आई घ्यायची, बाबांना पातेलं आणि टोप यातला फरकही सांगता आला नसता. "बाबा, चला ना, काय बघताय?" "बघतोय नुसतं. नवीन काय आलंय ते." मग निघायचो. सुरुवातीला एवढंच थांबणं होतं. वर्षभराने पुढे चपलांच्या दुकानापाशी थांबायला लागले, मग गोखले रोडच्या अलीकडे घड्याळं दुरुस्त करणाऱ्याशी. शेवटी शेवटी पुलाखाली, फुलांच्या टोपल्यांपाशीसुद्धा. मी वैतागायचे. मला घरी जाऊन चहा हवा असायचा, मैत्रिणीला फोन करायचा असायचा. कधीकधी मी सरळ पुढे निघून जायचे. मागे वळून बघितलं तर ते काचेसमोर उभे, पिशवी या हातातून त्या हातात घेत.

या दुखण्याला डॉक्टरी भाषेत क्लॉडिकेशन म्हणतात, लंगडणं या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. जर्मन लोक त्याला सरळ 'दुकानाच्या काचेचा आजार' म्हणतात, आणि तो शब्द तिथल्या वैद्यकात रूढ आहे. पोटरीकडे जाणारी धमनी आतून चरबीच्या थराने अरुंद झालेली असते. बसलेल्या माणसाला तेवढं रक्त पुरतं. चालायला लागलं की पोटरीची मागणी वाढते, पुरवठा वाढत नाही, स्नायू कळवळतो. थांबलं की हिशेब जुळतो. रस्त्यात मध्येच पोटरी धरून उभं राहायची लाज वाटते, म्हणून माणसं काचेसमोर उभी राहतात. हे वाचलं त्या रात्री मी दिवा लावून बराच वेळ बसले होते. परक्या देशातल्या कुठल्या तरी थंड गावात कोणी बाप असाच उभा राहिला असेल आणि त्याची मुलगीही पुढे निघून गेली असेल.

बाकीचंही मग जुळत गेलं. बाबा मे महिन्यातही पायांत मोजे घालून झोपायचे. नडग्या गुळगुळीत, चकचकीत झाल्या होत्या, बोटांवरचे केस गेले होते, अंगठ्याची नखं जाड आणि पिवळी. शेवटच्या वर्षी ते रात्री उठून पलंगाच्या कडेला डावा पाय खाली सोडून बसायचे. आईला वाटायचं, निवृत्तीनंतर झोप उडालीय. पाय खाली सोडला की उतारावरून थोडं जास्त रक्त पावलाकडे जातं आणि ठणका कमी होतो, एवढीच त्या बसण्यातली गोष्ट. दिवसाला दहा-बारा सिगारेटी होत्या, ते मात्र आम्हा सगळ्यांना माहीत होतं. १९९९ च्या फेब्रुवारीत पहाटे छातीत दुखून ते गेले. "काही लक्षण नव्हतं हो," असं आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, आणि मी शेजारी बसून मान हलवत होते. ज्या थराने पायाची धमनी अरुंद होते तोच हृदयाच्या धमन्यांतही बसत असतो. पाय थोडा आधी बोलतो. आमच्या घरात तो किमान पाच वर्षं बोलत होता, रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, रानडे रोडवर.

आणि एक गोष्ट आहे, जिचं काय करायचं मला अजून कळलेलं नाही. अशा पायांवर चालणं हाच उपचाराचा मोठा भाग असतो. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की परत निघायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा तरी, निदान तीन महिने. त्याने चालण्याचं अंतर खरोखर वाढतं. जोडीला सिगारेट कायमची बंद, रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, साखर-बीपी ताब्यात. म्हणजे बाबा अर्धा उपचार स्वतःच करत होते, कोणी न सांगता. उरलेला अर्धा सांगायला कोणीतरी त्यांच्याजवळ थांबायला हवं होतं.

आत्याचं दुखणं वेगळं निघालं. तिच्या पायांच्या धमन्या चांगल्या होत्या, पंपच थकला होता. टू-डी इकोमध्ये पंपिंग ३५ टक्के आलं. "म्हणजे पासष्ट टक्के गेलं का हो?" तिने घाबरून विचारलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की धडधाकट हृदयही एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, ५५-६० टक्केच टाकतं, तेव्हा ३५ ची तुलना १०० शी करायची नाही. कार्डिओग्रामवर एक जुना झटका दिसत होता. साखरेच्या माणसाला असा झटका छातीत फार न दुखताही येऊन जातो. आत्याला आठवलं, मागच्या वर्षी गौरी जेवल्या त्या रात्री तिला पित्त झालं होतं, घाम फुटला होता, दोन दिवस ती झोपून होती. आलेपाक खाल्ला आणि बरं वाटलं.

काकांना कळेना की बिघाड छातीत आणि पाणी पायांत कसं. आम्ही परतताना टॅक्सी परळवरून येत होती, तेव्हा मी त्यांना म्हटलं, हिंदमाता आठवा. वरून पाऊस पडतोच आहे, पण समुद्राला भरती आहे, नाल्यांची तोंडं बंद, पुढे जायला जागा नाही, मग पाणी कुठे साचणार? जिथे सखल तिथे. हृदय पुढे ढकलू शकलं नाही की मागे शिरांमध्ये दाब वाढतो आणि त्यातून पाणी झिरपून सगळ्यात सखल जागी, घोट्यांत, उतरतं. त्यात मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं, त्यांना वाटतं शरीरात पाणी कमी पडलंय, ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि तुंबणं आणखी वाढतं. रात्री आडवं झालं की तेच पायांतलं पाणी रक्तात परत येतं, छातीकडे चढतं, म्हणून उशा, म्हणून आरामखुर्ची, म्हणून रात्री चार वेळा उठणं. काका हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून कित्येकदा घरी आलेले. त्यांना एकदम समजलं. त्यांनी टॅक्सीत आत्याचा हात धरला, तो गिरगाव येईपर्यंत सोडला नाही.

लघवीच्या गोळीने पंधरा दिवसांत आत्याचं वजन पाच किलो उतरलं. सगळं पाणी. हृदयासाठी आणखी चार गोळ्या सुरू झाल्या, बीपीची बदलली. लोणचं, पापड, फरसाण बंद, दिवसाला पाणी दीड लिटर, तांब्यावर खूण करून. वजनाचा काटा देव्हाऱ्याच्या खाली ठेवलाय. सकाळी शौचाला जाऊन आलं की काही खाण्यापिण्याआधी वजन, आणि काका ते कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहितात, जिथे आधी दुधाचा हिशेब असायचा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, सूज दिसायची वाट बघायची नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. पाणी काट्यावर आधी दिसतं, घोट्यावर नंतर.

त्यानंतर मला सगळीकडे पायच दिसायला लागले. बायकांच्या डब्यात चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या बायकांचे, चपलेचे पट्टे रुतलेले, निळ्या शिरांच्या गुठळ्या आलेले, भेगांत चिखल भरलेले. साडीच्या दुकानांत दहा-दहा तास उभ्या राहून संध्याकाळच्या गाडीत पुन्हा उभ्याच असलेल्या मुलींचे. सगळे सुजलेले पाय हृदयाचे नसतात. थकलेल्या शिरांनी सुजतात, किडनीने, लिव्हरने, थायरॉइडने सुजतात, गावाहून रात्रभर एसटीत बसून आल्यावर माझेही सुजतात. एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, दुखायला लागला तर शिरेत गुठळी असू शकते, तिथे मात्र उद्याची वाट बघू नये. हे आता मला माहीत आहे, आणि ते माहीत असण्याचा एक त्रास आहे. परवा माझ्यासमोर एक मावशी बसल्या होत्या, पायाच्या करंगळीला चिंधी बांधलेली. मी न राहवून विचारलं. "दीड महिना झाला, भरतच नाही. पण दुखत नाही काही," त्या म्हणाल्या. साखर आहे का विचारलं तर होती. दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे, नसा बधिर झाल्या असतील, पायाला रक्त पोचतंय का तेही बघायला हवं, आजच दाखवा, असं मी भर गाडीत, पाच अनोळखी बायकांसमोर म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा घाबरून बघितलं, पाय सीटखाली ओढून घेतला आणि वांद्र्याला उतरल्या. त्या गेल्या असतील का डॉक्टरकडे, हे मला कधीच कळणार नाही.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा आत्या पलंगावर झोपली होती, दोन उशांवर. पायांत जोडवी होती. मी नमस्काराला वाकले आणि या वेळी डोळे मिटले नाहीत. अंगठा नडगीवर ठेवून दाबला, पाच मोजले. तिने पाय ओढून घेतला नाही. खळगा पडला, पण अगदी उथळ, आणि बघता बघता भरून आला. मग मी तिला विचारलं, इतके दिवस विचारायचं होतं ते. बाबांनी तुला सांगितलं, मग तू आम्हाला का नाही सांगितलंस? ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. "त्याने शपथ घातली होती गं," ती म्हणाली. "आणि मला तरी काय माहीत. पोटरी दुखते म्हणजे पोटरी दुखते, असंच वाटलं. मी त्याला तिळाचं तेल चोळायला सांगितलं होतं."

परतताना मी दादरला उतरले. पुलाच्या पायऱ्यांपासून पावलं मोजत निघाले. हलव्याचे दागिने, वाणाच्या वस्तू, काळ्या साड्या, रस्ता फुलून गेला होता. भांड्यांचं दुकान अजून आहे. अर्ध्या भागात आता मोबाइलची कव्हरं लटकतात, उरलेल्या अर्ध्यात स्टीलचे डबे तसेच उतरत्या क्रमाने. तिथवर माझी दोनशे अठ्ठावन्न पावलं झाली. मी थांबले. काचेत आधी डबे दिसले, मग डब्यांवर मागची सगळी गर्दी, वाकडी होऊन सरकणारी. इथे उभं राहिलं की पुढे निघून गेलेलं माणूस काचेत दिसतं. दुकानातला मुलगा बाहेर आला. "काय दाखवू, ताई?"

"काही नको," मी म्हटलं. "बघतेय नुसतं."